खांबावर कोणी नाही

आडी महिन्याचा, ऐन आषाढातला, वारा सुटला की कावेरीकाठच्या तिरुवैयारूच्या पलीकडच्या त्या गावात माणसं आधी माडांकडे बघतात, मग तारांकडे. त्या दिवशी सकाळी एक वाळकी झावळी सुटली, दोन तारांवर आडवी पडली, कडाडून आवाज झाला आणि शेताशेतातल्या मोटारी एकदम गप्प झाल्या.

सुप्रभा आपल्या भातात वाकून गवत उपटत होती. ती कंबर धरून उभी राहिली. नळातून येणारी धार बारीक झाली, थेंब झाली, थांबली. कावेरीचं पाणी यंदा गावच्या पाटाला अजून पोचलं नव्हतं. कुरुवैचं, पावसाळी हंगामाचं, भात पोटरीला आलेलं, आणि सगळ्यांची सगळी भिस्त बोअरवर. चिखलाला कडेकडेने भेगा पडू लागल्या होत्या. सुप्रभाने एका भेगेत बोट घालून पाहिलं. बोट सुकंच वर आलं.

शेजारच्या तुकड्यात म्हातारी वेंकूअत्या, सगळ्या गावाची अत्या, गवत काढत होती. तिने मान वर केली नाही. मोटार असो नसो, तिचे हात सारखेच चालायचे.

थोड्या वेळाने बांधावरून मोपेडचा आवाज आला. सूर्यनारायण आला, मागे शिडी धरून त्याच्या हाताखालचा साईराम. सूर्यनारायण म्हणजे सुप्रभाचा नवरा, गावचा लाईनमन. ट्रान्सफॉर्मरच्या खांबाला पुरुषभर उंचीवर एक लोखंडी हँडल असतं. ते खाली ओढलं की पुढच्या सगळ्या तारा मेल्या. त्याने ते खाली ओढलं, साईरामने शिडी लावली, वर चढून झावळी काढली, तुटलेली तार बांधली. कामाला काही वेळ लागला नाही. तोवर बांधावर माणसं जमली होती. उन्हात कुणी डोक्यावर टॉवेल घेतलेला, कुणी नुसताच बघत.

हँडल वर करण्याआधीची एक रीत होती. ती कुणी लिहून ठेवलेली नव्हती. सूर्यनारायणला ती त्याच्या आधीच्या लाईनमनने शिकवली, त्याने आपल्या हाताखालच्यांना शिकवली. जो जो वर चढला त्याचं नाव मोठ्याने घ्यायचं. त्याने दोन्ही पाय जमिनीला टेकून, स्वतःच्या तोंडाने सांगायचं, 'वन्दुट्टेन्', आलो मी. मगच हँडलला हात.

"साईराम!"

"वन्दुट्टेन्, अण्णा!" साईराम शिडी खांद्यावर घेत म्हणाला.

सूर्यनारायणने हँडल धरलं. सुप्रभाने शेतातूनच डोळे मिटले. आता नको, देवी, आता नको.

"प्रवीणकुमार!"

हाक शेतावरून गेली, बांबूच्या बेटापर्यंत गेली. कुणी बोललं नाही. सूर्यनारायण हँडल धरून उभाच. त्याच्या काखेतला खाकी सदरा हळूहळू काळा होत गेला. दंडाची शीर ताठलेली, पण हात वर जाईना.

"काय हो लाईनमन," बांधावरून एकजण म्हणाला, "करंट द्यायला मेलेल्याची परवानगी लागते होय?"

दोघं-तिघं हसले. मग एकाने दुसऱ्याला कोपराने ढोसलं, कारण वेंकूअत्या तिथंच होती. तिचे हात थांबले होते. मुठीत उपटलेलं गवत तसंच.

शेवटी साईरामनेच पुढे होऊन सूर्यनारायणची बोटं एकेक करून सोडवली आणि हँडल वर केलं. मोटारी घुरघुरल्या. माणसं पांगली. सूर्यनारायण मोपेडजवळ गेला आणि किल्ली कुठल्या खिशात आहे ते शोधत राहिला. ती मोपेडलाच होती.

*

प्रवीणकुमार हा वेंकूअत्याचा मुलगा, साईरामसारखाच सूर्यनारायणच्या हाताखालचा. पंगुणीच्या महिन्यात, फाल्गुन-चैत्राच्या सुमाराला, गेला.

देवळामागच्या मैदानात दरवर्षी तेव्हा व्हॉलीबॉलचे सामने होतात. त्या सामन्यांतही सूर्यनारायणच लाईनमन. चुन्याच्या रेघेच्या कोपऱ्यावर लाल झेंडा घेऊन उभं राहायचं. चेंडू आत पडला तर झेंडा खाली, बाहेर पडला तर वर. ह्या कामाचं त्याला कुणी काही देत नसे, पण ह्या गावात आणि पलीकडच्या चार गावांत त्याचा झेंडा म्हणजे शेवटचा शब्द. "खात्याचा लाईनमन चुकेल, मैदानावरचा नाही चुकायचा," असं पोरं म्हणायची आणि तो हसायचा. लग्न होऊन आली तेव्हा सुप्रभाला नवल वाटायचं. एकच माणूस, दिवसभर खांबावर लाईनमन, संध्याकाळी मैदानात लाईनमन. आणि खांबावरून उतरताना जितका गंभीर, त्याहून रेघेवर जास्त गंभीर.

त्या संध्याकाळी सामना रंगात असताना दिवे गेले. बांबूच्या बेटामागच्या खांबावर तार जळाली होती. साईराम रजेवर. प्रवीणकुमारचा सामना नंतर होता. तो खेळायच्या बनियनवरच उठला, म्हणाला, "मी चढतो अण्णा, आत्ता येतो." सूर्यनारायणने झेंडा काखेत मारला, मैदानाच्या टोकाला जाऊन हँडल खाली ओढलं. बेटामुळे तो खांब दिसत नव्हता. अर्धं गाव अंधुक उजेडात शिट्ट्या मारत बसलेलं.

त्याने हाक मारली, "प्रवीणकुमार!"

"वन्दुट्टेन्!"

उत्तर आलं. स्पष्ट आलं. त्याने हँडल वर केलं, मैदानात लख्ख दिवे लागले, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

खात्याने चौकशी केली. साहेब आले, खांब बघून गेले. दोष कुणावरच ठेवला नाही. तेच सूर्यनारायणला पेललं नाही. कुणी दोन तोंडात मारल्या असत्या, कामावरून काढलं असतं, तर तो कदाचित झोपला असता.

*

झावळी पडली त्याच दिवशी, दिवेलागणीला, सुप्रभाचा धाकटा भाऊ मुरली आला. गावच्या संघाचा कप्तान. ओसरीच्या पायरीवर बसला, चपला काढल्या नाहीत.

"अक्का, भावजींना सांग की. प्रवीणच्या नावाने सामने ठेवतोय आम्ही. आडी संपायच्या आत. लाईनमन दुसरा कसा आणायचा?"

सूर्यनारायण आत रसमभात कालवत होता. बोटं भातात तशीच ठेवून म्हणाला, "मी नाही."

"भावजी, तुमचा झेंडा नसला तर भांडणं होतील. मागच्या वेळी..."

"त्या दिवशी 'आलो' म्हणाला तो कोण, ते मला सांग. मग येतो."

मुरलीने पायरीवरचं एक मुंगीचं वारूळ अंगठ्याने सपाट केलं. सुप्रभाने कंदिलासारखा जपून तांब्या त्याच्यापुढे ठेवला. तो प्यायला नाही.

"सांगशील का?" ती हळूच म्हणाली. "कुणालाही नाही सांगणार मी. पण ह्यांना रात्र-रात्र झोप नाही रे."

"कुणाचं नाव सांगू?" मुरलीचा आवाज एकदम चढला. "सगळेच म्हणालो. अक्का, तुला ठाऊक आहे सामन्याला काय होतं ते. पंच नावं पुकारतात. एखादा कुठं चहाला गेलेला असतो, कुणी अजून बसमध्ये असतो. नाव बाद होऊ नये म्हणून बाकीचे ओरडतात, आलो. वर्षानुवर्षं ओरडतो आम्ही. त्या दिवशी प्रवीणचं नाव ऐकलं. कोण पुकारतंय, कशाला पुकारतंय, कुणी बघितलं? तोंडाला सवय. मीही म्हणालो असेन. म्हणालोच."

आत ताटावर हात आपटल्याचा आवाज आला.

"त्याचंच नाव वाचवत होतो आम्ही," मुरली म्हणाला आणि उठून गेला. पाण्याचा तांब्या तसाच भरलेला.

सुप्रभा आत आली तेव्हा सूर्यनारायण हात धूत होता. धूतच होता.

"एकाने म्हटलं असतं तर बरं होतं," तो म्हणाला. "एकाला जाऊन विचारलं असतं."

"अहो, पण आता त्याला हाक का मारता? तो नाही हे तुम्हाला..."

"ठाऊक आहे. तोंडातून निघते. साईरामचं नाव घेतलं की पाठोपाठ त्याचं येतं. आणि एकदा नाव घेतलं की सुप्रभा, उत्तर आल्याशिवाय हात कसा उचलू? मागच्या वेळी उत्तर आलं होतं तरी..." त्याने पुढचं गिळलं. "आता तर येतच नाही."

*

पुढचे दिवस वाऱ्याचे. झावळ्या पडत राहिल्या, करंट जात राहिला. दर वेळी तीच हाक, तीच गप्प उभी माणसं, आणि शेवटी साईरामचा हात. भाताच्या पात्यांची टोकं पिवळी होऊन सुईसारखी वळली. सुप्रभा पहाटे उठून सडा घालायची, तुळशीला पाणी घालायची आणि घागरीने का होईना, बांधालगतच्या एका ओळीला पाणी पाजायची. हाताला घट्टे पडले. एकाच ओळीला का, ते तिलाही सांगता आलं नसतं. कुठल्यातरी एका ओळीला तरी.

वेंकूअत्या रोज शेजारी असायची. बोलायची ते भातापुरतं. "तुझ्या बाजूचा उंदीर माझ्याकडे येतो गं," किंवा "ही ओळ जाईल बघ." मुलाबद्दल नाही, हाकेबद्दल नाही. पण हाक झाली की तिचे हात थांबायचे, आणि मोटार सुरू झाली तरी बराच वेळ थांबलेलेच राहायचे. सुप्रभाला त्या थांबलेल्या हातांची भीती वाटू लागली. शिव्या देत असती तर सोपं होतं.

मग साहेबांचा फोन आला. सूर्यनारायणने तो उभ्यानेच ऐकला, "सरी सर, सरी सर," असा होकार भरत.

"काय म्हणाले?"

"साईरामला ताकीद दिलीय. त्याने हँडलला हात लावायचा नाही, ते माझं काम. पुढच्या खेपेला मी उचललं नाही तर मला तंजावूरच्या गोदामात घालतील. वायरची वेटोळी सांभाळायला."

"मग वाईट काय? खांब तरी नाही."

त्याने तिच्याकडे असं बघितलं की तिला आपलं बोलणं परत घ्यावंसं वाटलं. उभा जन्म खांबावर गेलेला माणूस. गोदामात गेला तर सामान सांभाळील, पण स्वतःला नाही. तिला तो खुर्चीवर बसून, बंद खोलीत, भिंतीला हाक मारताना दिसला. ती देवघरात गेली आणि विझलेली समई उगीच पुसत बसली.

*

आडीचा शुक्रवार, देवीचा वार, आला. सुप्रभाचा उपास, दिवा लागेपर्यंत पाणीही नाही. सकाळी न्हाऊन ती अम्मन देवीच्या देवळात गेली. लिंबाच्या उलट्या केलेल्या सालींत दिवे लावले. पुजाऱ्याने अर्चनेचं ताट घेतलं.

"नाव, नक्षत्र?"

"सूर्यनारायण. पूरम."

तो मंत्र म्हणू लागला. सुप्रभा हात जोडून उभी राहिली आणि तिच्या मनात आलं, ते तर इथं नाहीत. मोपेडवर कुठंतरी फिरत असतील. त्यांच्या वतीने नाव मी सांगितलं, आणि देवीने विचारलं नाही की तो स्वतः का आला नाही. कुणीतरी कुणाच्या तरी वतीने आलो म्हणतच असतं. त्यात खोटं काय? तो विचार तिला इतका स्वच्छ वाटला की कुंकू घेताना तिचा हात जरासुद्धा हलला नाही.

दुपारी वारा पिसाळला. ती शेतावर पोचते न पोचते तोच करंट गेला. ह्या वेळी तीन खांबांवरच्या तारा एकमेकींत अडकल्या होत्या. साईराम एकामागून एक चढला, उतरला. घामाने त्याचा चेहरा तेलकट झाला. बांधावर या वेळी सगळं गाव होतं. साहेबांच्या फोनची बातमी सगळीकडे झाली होती. मुरलीही होता, माणसांच्या मागे. कुणी टोमणा मारला नाही. भात बघून कुणाला टोमणे सुचत नव्हते.

सुप्रभा ट्रान्सफॉर्मरजवळच्या केळींच्या आड उभी राहिली.

"साईराम!"

"वन्दुट्टेन्, अण्णा." आणि तो हात मागे बांधून बाजूला झाला.

सूर्यनारायणने हँडल धरलं. ओठ घट्ट मिटले. तिला दिसलं की तो नाव आत दाबून धरतोय. मग ते फुटलंच.

"प्रवीणकुमार!"

"वन्दुट्टेन्," सुप्रभा म्हणाली.

फार मोठ्याने नाही. पण त्या शांततेत सगळ्यांनी ऐकलं. सूर्यनारायणचा हात हँडलवरून असा सुटला की जणू चटका बसला. तो वळला. केळीच्या पानांतून त्याला तिची चॉकलेटी साडी दिसली.

"तूसुद्धा?" तो म्हणाला.

एवढंच. ओरडला असता तर तिने ऐकून घेतलं असतं. तो खाली बसला, खांबाला पाठ लावून, पाय चिखलात पसरून, आणि दोन्ही तळहात तोंडावर ठेवले. साईराम हँडलकडे बघायचा आणि पुन्हा जमिनीकडे. सकाळचा तो स्वच्छ विचार आता सुप्रभाच्या तोंडात कडू झाला होता. ती त्या पोरांपेक्षा वाईट होती. त्यांना निदान ठाऊक नव्हतं.

"नाही आला तो."

वेंकूअत्या बांधावरून येत होती. लुगडं गुडघ्यावर खोचलेलं, पोटऱ्यांना चिखल, हातात खुरपं. माणसांनी वाट दिली. ती सूर्यनारायणसमोर येऊन उभी राहिली.

"सूर्या, ऐकलंस? नाही आला. त्या दिवशीही नव्हता आला. हे कुणीतरी सांगायला हवं होतं तुला, ते मी आता सांगतेय."

सूर्यनारायणने मान वर केली. "अत्या, नाही आला तर मग मी हँडल कसं..."

"माहीत आहे मला तुमची रीत. तो जेवताना सांगायचा." तिने खुरपं सुप्रभाच्या हातात दिलं, तिच्याकडे न बघता. "थांब इथंच, सूर्या."

आणि ती चालायला लागली. तारांच्या खालून, बांधाबांधावरून. पहिल्या खांबापाशी थांबली, कपाळावर हात धरून वर पाहिलं, पुढे गेली. दुसऱ्यापाशी थांबली. वाऱ्याने तिचा पदर उडत होता, तो तिने दातात धरला. एका बांधावरून पाय घसरला, ती चिखलात गुडघ्यावर आली. मुरली धावला तसा तिने मागे न बघता हात हलवून त्याला थांबवलं. सगळं गाव उन्हात उभं. वाळणारं भात, बंद मोटारी, आणि एक म्हातारी एकेका खांबाकडे मान वर करून बघत निघालेली. कुणी बसलं नाही. कुणी विडी पेटवली नाही.

बांबूच्या बेटामागे ती दिसेनाशी झाली. तिथं तिला फार वेळ लागला. सुप्रभाच्या हातातल्या खुरप्याची मूठ अजून ऊबदार होती.

मग ती बेटाच्या दुसऱ्या बाजूने आली आणि तसंच, त्याच संथ पावलाने, परत आली. तिच्या उजव्या तळहाताला सिमेंटची धूळ लागलेली.

"बघून आले," ती म्हणाली. "सगळे बघितले. खांबावर कोणी नाही."

सूर्यनारायण उठला. "अत्या, मी..."

"तू काही बोलू नको. मी बोलते ते ऐक." ती त्याच्या जवळ गेली, इतकी जवळ की केळीआडच्या सुप्रभालाच काय ते ऐकू यावं. "माझ्या पोराला इथं हाक मारू नकोस. मी त्याला रोज दिवा लागला की घरी बोलावते. तू इथून बोलावतोस, मी तिथून. त्याने जायचं कुणाकडे?"

सूर्यनारायणने तिच्याकडे पाहिलं. मग त्याने सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं आणि हँडल धरलं.

"साईराम!"

"वन्दुट्टेन्."

सूर्यनारायणचा श्वास आत गेला. तोंड उघडलं. वेंकूअत्या त्याच्याकडे बघत होती. तोंड मिटलं. आणि हात वर गेला.

लांबून एक मोटार खोकली, मग दुसरी. नळाला आधी हवा आली, मग गढूळ पाणी, मग पाणी. माणसं आपापल्या बांधांकडे धावली. वेंकूअत्याने सुप्रभाच्या हातातून खुरपं घेतलं आणि आपल्या तुकड्यात जाऊन वाकली. पाणी तिच्या घोट्यापर्यंत आलं तरी तिने खाली पाहिलं नाही.

*

संध्याकाळी सुप्रभाने दिवा लावला आणि उपास सोडला. दिवसभराच्या कोरड्या घशाला पहिला घोट टोचला. सूर्यनारायणला तिने पान वाढलं. तो भुकेल्या माणसासारखा जेवत होता. कितीतरी दिवसांनी. तिला दुपारच्या त्या उत्तराचा जाब द्यायचा होता, पण तो त्याला नव्हता, वेंकूअत्याला होता.

तेवढ्यात पलीकडच्या गल्लीतून आवाज आला. म्हातारीचा, थोडा फाटका, पण रोजच्या सवयीचा.

"प्रवीण! ये रे बाळा. दिवा लागला."

सुप्रभाने हा आवाज इतके महिने ऐकला होता. नाव कधी नीट ऐकलं नव्हतं; शेजारच्या कुणा पोराला हाक असेल, असं धरून चालली होती.

सूर्यनारायणचा घास हातातच राहिला. त्याने मान किंचित तिरपी केली, तो खांबाखाली उभा राहतो तशी, आणि ऐकत राहिला. बाहेर वारा पडला होता. गल्लीत कुणीच बोलत नव्हतं.

सुप्रभा दार लावायला उठली. कडीला हात लावला. मग ते तसंच उघडं ठेवून परत येऊन बसली.